चुंबळीच्या ढगाखालची टेकडी

शहापूर तालुक्यातल्या धरणात एक टेकडी आहे. चारी बाजूंना पाणी, वर माणसाची वस्ती नाही. मार्गशीर्षात थंडी पडली की पहाटे त्या टेकडीच्या गळ्याभोवती ढगाचं कडं बसतं. डोक्यावर हंडा ठेवायच्या आधी आम्ही बायका फडकं वळून चुंबळ करतो, अगदी तसं. मग ऊन येईल तसं ते कडं वर सरकतं. कधी एकावर एक दोन कडी बसतात. मुंबई-ठाण्याची माणसं गाड्या करून ते बघायला येतात आणि काठावरून फोटो काढून जातात. टेकडीवर कोणी जात नाही. मी गेले. ढगासाठी गेले नव्हते, पण ढगाने मला दीड-दोन तास अडवून धरलं, म्हणून त्याचंही सांगते.

ही टेकडी आधी बेट नव्हती. तिच्या पायथ्याला उंबरखोंड नावाचं गाव होतं, ते माझं माहेर. तीसेक घरं, ओढा, ओढ्याच्या काठाने भातखाचरं. चौथीपर्यंत मी टेकडीला वळसा घालून पलीकडच्या गावच्या शाळेत जात होते. त्या वाटेवर थंडीत पाय फुटले, पण असला ढग मी एकदाही बघितला नाही. लोक सांगतात की तो पूर्वीपासून आहे, पांडवांच्या वेळेपासून आहे. खोटं आहे. पाणी आलं तेव्हा ढग आला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत. सतरा वर्षांची असताना मी त्यासाठी उंबरखोंडला आले. मुलगी झाली. पाचवी पुजली आणि नवव्या दिवशी ती गेली. बाराव्याला नाव ठेवतात, तेवढे दिवस तिचे भरले नाहीत. दात न आलेलं पोर जाळत नाहीत, पुरतात. ते काम पुरुषांचं. बाळंतीण खोलीच्या बाहेर पडत नाही. बाबा आणि माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तिला घेऊन गेले आणि हात धुऊन परत आले. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. महिन्याने मी सासरी परत गेले. पुढे तीन मुलं झाली, ती चांगली आहेत.

धरणात पाणी भरलं त्या वर्षी भाऊबीजेला आले तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं. दादा म्हणाला, "तुजी वर हाय. टेकडीवर. पानी तिथवर जायचं नाय." दरवर्षी मी म्हणायची, मला एकदा दाखव. दरवर्षी तो म्हणायचा, आता पाणी लय आहे, आता होडी नाही, पुढल्या साली बघू. माझे मालक होते तोवर तेही म्हणायचे, गेलेल्या पोराच्या मागे जाऊ नये. मालक गेले. मग भाच्याचा फोन आला की दादाच्या एका डोळ्याचं पार गेलं आणि दुसऱ्याने धुरकट दिसतं. बाबा कधीच वारले होते. जागा माहीत असलेला दादा एकटाच उरला होता. त्याला दिसायचं बंद झालं तर मला कोण दाखवणार? मी पिशवी भरली.

टोकावडे ते शहापूर

आमचं गाव टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. सकाळच्या एसटीने सरळगाव, तिथून किन्हवली करत शहापूर. पिशवीत एक लुगडं, औषधाच्या गोळ्या आणि फडक्यात बांधलेले मूठभर नवे तांदूळ. नवं धान्य घरात आलं की आधी गेलेल्यांना देतात. सासू-सासऱ्यांना दिलं होतं, मालकांना दिलं होतं. तिला आजवर कधी दिलं नव्हतं, कारण कुठे द्यायचं ते माहीत नव्हतं.

किन्हवलीला शेजारी एक बाई येऊन बसली. तिने विचारलं, "माहेरी चाललाव काय?"

म्हटलं, "हो."

"कोण कोण हाय?"

"भाऊ हाय. बाकी पान्यात हाय."

ती गप्प बसली. मला बरं वाटलं. एसटीत फार बोलणाऱ्या बायका मला चालत नाहीत.

शहापूरला उतरून जीपने खर्डीच्या बाजूला गेले. फाट्यावर भाचा मोटरसायकल घेऊन उभा होता. मी त्या गाडीवर बसत नाही. अर्धा कोस चालत गेले.

वसाहत

उंबरखोंडची माणसं उठवून ज्या माळावर बसवली त्याला अजून वसाहतच म्हणतात. नाव ठेवायचं कोणाला सुचलं नाही. घरं सरळ रेषेत, बराकीसारखी. मधोमध गावदेवीचं सिमेंटचं देऊळ. देवीचा दगड जुन्या गावातून आणलेला. तो आणला तेव्हा भगताने सांगितलं होतं की उचलला की वाटेत खाली टेकायचा नाही, मागे बघायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. पाच माणसांनी आळीपाळीने खांदा देऊन चार कोस आणला.

वहिनीने भाकरी टाकल्या होत्या, नव्या तांदळाच्या. सोबत सुकट. आमच्या मुरबाडकडे सुकटीत आमसूल घालतात, इथे आंबोशी. आंबोशीची सुकट मला लहानपणापासून आवडते, दोन भाकरी खाल्ल्या. दादा पडवीत बसून होता. माझ्या आवाजाकडे तोंड वळवून म्हणाला, "काय गो अनसे, म्हातारी झालीस का नाय?"

"तुला दिसत नाय ते बरं हाय. लय झाले."

"आवाजात कळतं. कावळ्यासारका झालाय."

वहिनी हसली, तोही हसला. मी म्हटलं, "दादा, उद्या टेकडीवर जायचं."

तो हसायचा थांबला. "उद्या? थंडी लय हाय. पुढल्या..."

"पुढल्या साली तुला दिसेल काय?"

वहिनी म्हणाली, "न्या आता त्यांना. किती वर्स टाळताव?" वहिनीने शेजारच्या वाडीत निरोप पाठवला. तिथे सोनी नावाची कातकरी बाई आहे, चाळिशीची. तिची पत्र्याची होडी आहे, जाळी टाकते.

पाण्यावर

उजाडता उजाडता काठावर पोचलो. चिखलात माझ्या चपलेचा पट्टा तुटला. दुसरी चप्पलही तिथेच ठेवली आणि अनवाणी निघाले.

पाणी दिसत नव्हतं. पाण्याच्या जागी पिंजलेला कापूस पसरावा तसं धुकं होतं, आणि त्यात लांब टेकडी. खालचा भाग नाही, नुसतं डोकं आणि खांदा. गळ्याभोवती जाड, गोल, पांढरं कडं. हलत नव्हतं. वर आभाळ स्वच्छ. मी खूप डोंगर बघितलेत, माळशेजला पावसात ढग अंगावरून जातात. पण तो ढग येतो आणि जातो. हा बसला होता.

काठावर एक मोठी गाडी उभी होती. चार-पाच माणसं कॅमेरे लावून बसली होती. आम्ही होडीत चढत होतो तर एक जण ओरडला, "आजी, जरा तिथेच थांबा, फ्रेम मस्त येतेय."

सोनीने त्याला विचारलं, "थांबायचं काय देशील?" ती माणसं हसली. सोनी हसली नाही. वल्हं मारलं आणि निघालो.

होडीत दादा पुढे, मी मध्ये, सोनी मागे. मी काठ घट्ट धरला होता. सोनी म्हणाली, "आजे, घाबरू नको. बसून ऱ्हा. उलटली तर तुजा भाऊ हाय ना."

"त्याला पोहता येत नाय."

"मग तू त्याला धर."

धुक्यात शिरलो तेव्हा मी तिला विचारलं, हा ढग येतो कुठून? ती म्हणाली, "आजे, पान्यात हात घाल." घातला. वर थंडीने दात वाजत होते आणि पाणी कोमट होतं. ती म्हणाली, "रातभर वाफ निघतं. वारा नसला तर वर जात नाय, टेकडीला गुंडाळून बसतं. आमी त्याला चुंबळ म्हनतो. चुंबळ बसली का जाळं लवकर काढायचं नाय, वाट चुकते."

दादा म्हणाला, "इथं खाली आपला गोठा असंल."

सोनी म्हणाली, "गोठा मागं गेला, बाबा. हा ओढा."

तिने ते गाव कधी बघितलं नव्हतं. तिला जाळ्यांवरून माहीत होतं. जाळं कुठे भिंतीत अडकतं, कुठे झाडात, कुठे मोकळं सुटतं.

टेकडी

टेकडीला होडी लागली ती जुन्या गुरांच्या वाटेवर. तीच वाट, मी ओळखली. पाण्यातून वर येते आणि चढते. खालचं टोक पाण्यात जातं ते बघवत नाही, म्हणून मी वर बघून चालले. करवंदीच्या जाळी माजल्यात. मोहाचं एक झाड आहे. गुरं नाहीत, माणूस नाही, त्यामुळे गवत कमरेएवढं. ढगाच्या कड्यातून वर गेलो तेव्हा अंग भिजलं आणि दहा पावलांवर सोनी दिसेना. मग एकदम बाहेर आलो आणि ऊन. खाली चारी बाजूंना पांढरं, आणि आपण त्याच्यावर. वर गेल्यावर तो ढग गोल दिसत नाही. नुसतं पांढरं दिसतं. फोटोवाल्यांना हे माहीत नसणार.

दादा माझा खांदा धरून चालत होता. मोहाच्या झाडापासून चौदा पावलं मोजून थांबला. पायाने चाचपलं. म्हणाला, "हा बग."

गवत बाजूला केलं. नारळाएवढा काळा दगड, ओढ्यातला, गुळगुळीत. एका बाजूला टेकवून नीट बसवलेला. त्याला शेंदूर नव्हता, पण बाजूला फुटक्या करवंट्या होत्या. म्हणजे दादा इथे येत होता.

मी बसले. फडकं सोडलं. तांदूळ ठेवायला हाताने जागा साफ करायला लागले. गवत मुळासकट सहज निघालं. त्याखाली बोटभर माती. त्याखाली कातळ. मी दगडाच्या दुसऱ्या बाजूला उकरलं. तिथेही कातळ. सगळी टेकडी तशीच होती. वरून गवत, खालून सलग काळा कातळ.

जन्मभर मी शेतात कुदळ मारली आहे. कुठे खड्डा पडतो आणि कुठे पडत नाही ते मला कोणी शिकवायला नको.

म्हटलं, "दादा, इथं कुदळ चालत नाय."

त्याने पायाने गवत सारखं केलं.

"इथं खड्डा कसा खणलात?"

"अनसे..."

"या दगडाखाली काय हाय?"

तो खाली बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्याचं एरवीही यायचं. म्हणाला, "खळ्याच्या वरच्या बांधाला ठेवली होती. बाबांनी. हा दगड वर ठेवला होता, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. मग पानी चढाय लागलं. सगळे देवी न्यायच्या गडबडीत. मी मागं येकटा आलो. दगड उचलला. वाटेत टेकला नाय, मागं बगितलं नाय, कोनाशी बोललो नाय. वर आनला. वसाहतीत कसा नेनार? मेल्या पोराचा दगड दाराशी कोन ठेवून घेल? हितं पानी येनार नव्हतं."

"दगड आणलास."

"दगड आनला म्हंजे तिला आनलीच ना गो. गावदेवी नाय आनली तशीच?"

मी म्हटलं, "गावदेवी मेली नव्हती."

सोनी लांब उभी राहून गवताची काडी चावत होती. तिने तोंड फिरवलं.

मला राग आला होता. पण कसला, ते नीट सांगता येत नाही. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी ती वर होती. इतकी वर्षं तो तिला वर धरून बसला होता. माझ्या लेखी ती इतकी वर्षं कोरड्या मातीत होती आणि या एका घटकेत पाण्यात गेली. गाव बुडालं तेव्हा मी रडले नव्हते. तिथेही रडले नाही.

दादा म्हणाला, "तू इचारशील म्हनून भ्यायचो. दरसाली."

"आता विचारलं. खळं कुठं हाय ते दाखव."

"पान्यात कसं दाखवू?"

तेव्हा सोनी पुढे आली. "बाबा, खळ्यावर उभं ऱ्हायलं का काय काय दिसायचं ते सांग. आमी जाळं तसंच शोधतो. पान्यावर खूण नसतं, डोंगरावर असतं."

दादाने थोडा वेळ डोळे मिटले. मग सांगितलं. मळणी करताना मावळतीला बघितलं की माहुलीचा बारका सुळका टेकडीच्या डाव्या खांद्याला टेकलेला दिसायचा. उगवतीला बघितलं की समोरच्या डोंगराची खिंड, आणि खिंडीत बरोबर मधोमध लांबच्या कड्याचा पांढरा पट्टा. "पन तवा आपन खाली होतो," तो म्हणाला. "आता माडीवर बसल्यावानी. उलीसा फरक पडंल."

चुंबळ

होडी टेकडीच्या उगवतीच्या अंगाला आणली. तिथे धुकं सगळ्यात दाट. माहुली नाही, खिंड नाही, समोर वीस हातांवर टेकडी होती तीही नाही. सोनीने वल्हं आत घेतलं. म्हणाली, आता ऊन तापेपर्यंत काही दिसायचं नाही.

आम्ही बसलो. वहिनीने भाकरी बांधून दिली होती, ती मी काढलीच नाही. सोनीने तंबाखू मळली, दादाला दिली. कुठेतरी पाणकोंबडी ओरडत होती. ऊन वरून येत होतं पण आत नुसता पांढरा उजेड. मला एकदा वाटलं की परत फिरावं. ती कुठेही असली तरी पाण्यातच आहे, चार हात इकडे काय आणि तिकडे काय. पण नऊ दिवस जिला अंगाशी धरलं ती कुठे आहे हे आईला माहीत नसावं हे बरं नाही. मी थांबले.

मग कडं हललं. आधी खालून पाणी दिसायला लागलं, काळं. टेकडीचे पाय दिसले. ढग तसाच गोल, गळ्यापासून वर सरकत गेला, बाई हंडा उतरवून चुंबळ काढते तसा डोक्यावरून सुटला आणि सुटल्यावर त्याचे तुकडे झाले. काठावरून ती माणसं ओरडली, आनंदाने. तेवढ्या लांबून ऐकू आलं.

दादा म्हणाला, "सुळका दिसतो काय?"

त्याला दिसत नव्हता. मला लांबचं अजून चांगलं दिसतं. म्हटलं, "दिसतो. टेकडीपासून सुटा हाय, हातभर."

"उजवीकडं घे, सोने."

सोनीने वल्हं मारलं. "आता?"

"टेकला."

"मागं बग. खिंड?"

"पट्टा खिंडीच्या कडेला हाय. मधोमध नाय."

"मग टेकडीकडं सरक. सुळका सोडू नको हां."

असं चाललं. तो सांगायचा, मी बघायची, ती वल्हवायची. एकदा सुळका सुटायचा, एकदा पट्टा. शेवटी दोन्ही बसले. मी म्हटलं, "बसलं."

दादाने होडीच्या काठावरून हात खाली सोडला, पाण्याला लावला आणि म्हणाला, "हितं."

मी सोनीला विचारलं, किती खोल आहे. ती म्हणाली, "माजी दोरी सगळी लागतं, आजे."

टेकडीवर परत बांधून घेतलेलं फडकं मी सोडलं आणि तांदूळ पाण्यात टाकले. पांढरे दाणे थोडे खाली जाताना दिसले. लगेच मासे आले. बारीक, चंदेरी, खूप. पाणी उकळल्यासारखं झालं आणि तांदूळ संपले. सोनी ओशाळली. हळूच म्हणाली, "आमचं जाळं हितंच असतं, आजे. हितं मोकळं सुटतं. मला ठाव नव्हतं. दुसरीकडं टाकीन."

खळ्यावर जाळं अडकणार नाहीच, खळं आम्ही शेणाने सारवून सपाट केलेलं. मी म्हटलं, "टाक इथंच. तुझ्या पोरांनी खायचं काय?"

परत

निघताना सोनीने तिथलं जाळं ओढलं. उतरताना दादाच्या हातात त्यातले मासे दिले, झाडाच्या सालीत ओवलेले. वहिनीने कालवण केलं. दोघांची ताटं वाढली. दादाने भाताला हात लावला नाही. पाण्यावर काय झालं ते वहिनीला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काय झालं, ताजे हायत."

दादा माझ्याकडे तोंड करून बसला होता. मी जेवले की नाही ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो ऐकत होता. मी घास घेतला. चावल्याचा आवाज होईल असा खाल्ला. मग त्याच्या ताटातल्या तुकड्याचा काटा काढला आणि म्हटलं, "जेव."

तो जेवला.

दुसऱ्या दिवशी एसटीने मी घरी आले. मुलांना काही सांगितलं नाही. त्यांना एक थोरली बहीण होती हेच त्यांना माहीत नाही.

दादा होळीच्या आधी वारला. आता ती जागा मला आणि सोनीला ठाऊक आहे. सोनीला लिहिता येत नाही. मला चौथीपुरतं येतं, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही ढग बघायला गेलात आणि पुढे पाण्यात जावंसं वाटलं, तर टेकडीच्या उगवतीला जा. मावळतीला तोंड करा, माहुलीचा बारका सुळका टेकडीच्या डाव्या खांद्याला टेकवा. मग मागे वळा. खिंडीत मधोमध कड्याचा पांढरा पट्टा आला पाहिजे. दोन्ही बसले की खाली आमचं खळं आहे, आणि खळ्याच्या वरच्या बांधाला माझी मुलगी. सकाळी लवकर गेलात तर यातलं काही दिसणार नाही. चुंबळ सुटेपर्यंत थांबावं लागतं.